मधली तीस वर्षं फियाट कुठे उभी करायची?

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वीस वर्षांच्या पलीकडच्या आणि पन्नासच्या अलीकडच्या गाड्यांबाबत.

स. न. वि. वि.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची फियाट, टॅक्सी म्हणून धावू शकत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी पानं भरली, लोकांनी फोटो टाकले. आधीची दहा वर्षं समोर फियाट उभी असताना जे मागच्या वॅगन-आरला हात करायचे, तेही हळहळले. त्या हळहळीत भर घालायला मी लिहीत नाही. मला आपल्याकडून एक नियम हवा आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची सोय केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी घ्यायची, नोंदणी दहा वर्षं टिकते. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला नेता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला काढता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. इथवर ठीक. आता २००३ ची ती टॅक्सी घ्या. २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. विंटेज म्हणवून घ्यायला तिला २०५३ उजाडावं लागेल. मधली तीस वर्षं ती कुठे उभी करायची? तीही मुंबईत, जिथे चालत्या गाडीला रात्रीपुरती जागा मिळत नाही?

उभ्या गाडीचं काय होतं ते आपल्या खात्यातल्या कोणत्याही जुन्या निरीक्षकाला विचारा. एका पावसाळ्यात ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. टाकीत पाणी धरतं, आतून गंज सुटतो आणि तोच पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. ऑइल सील वाळतात, होज पाइपला चिरा पडतात, वायरिंग उंदीर खातात. दारांच्या खालच्या कडा आधी फुगतात, मग त्यांचे पापुद्रे सुटतात. चालती गाडी झिजते, पण जे झिजलं तेवढंच बदलून पुढे जाता येतं. उभ्या गाडीचं सगळंच एकदम काढावं लागतं, आणि तितके पैसे कोणी घालत नाही. मग भंगारवाल्याला फोन जातो.

खासगी गाडीवाल्याचं त्या मानाने बरं आहे. माझी पद्मिनी पांढऱ्या पाटीची, म्हणून ती अजून चालते. पंधरा वर्षांनी नोंदणी संपली की फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. एप्रिल २०२२ मध्ये त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झालं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. त्यावर ती नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी, जी माझ्या गाडीच्या क्रोम बंपरवर आजोबांनी नातवाचा गॉगल लावावा तशी दिसते. पैसे भरतो, तक्रार करत नाही, कारण पैसे भरल्यावर रस्ता तरी उघडा राहतो. टॅक्सीला तोही उघडा नाही. तिची परीक्षाच होत नाही, नुसती जन्मतारीख बघतात.

ही गाडी नेमकी काय होती, हे आपल्या दप्तरात इंजिन क्रमांकापलीकडे नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. फियाट कंपनीने इटलीत १९५३ मध्ये आणलेली ११०० आणि तिचीच १९६२ ची सुधारलेली ११००-डी, हे आपल्या पद्मिनीचं मूळ. कुर्ल्यात १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून बनायला लागली, मग ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. मुंबईने यातलं एकही नाव मनावर घेतलं नाही. टॅक्सी स्टँडवर ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढे एकसलग बाकडं, मागे स्प्रिंगचे पाटे. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. तोवर कारखान्यापासून थोड्याच अंतरावर, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, तिची हाडं सुटी करून विकणारी दुकानं केव्हाची थाटली गेली होती. कुर्ल्यात बनली आणि कुर्ल्यातच मोडली.

महोदय, आता जरा रेंगाळतो, कारण माझी मागणी या भागावरच उभी आहे.

फियाट चालवणाऱ्याला आधी ऐकावं लागायचं. टॅपेट वाजतायत की टायमिंग चेन, हे त्याला बॉनेट न उघडता कळायचं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किटकिट करायला लागलं की नॉकिंग, म्हणजे टायमिंग पुढे गेलंय. मिसिंग करत असेल तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपरने घासायचे, त्यांच्यातली फट हॅकसॉच्या तुटक्या ब्लेडने लावायची. हिंदमाताला पाणी भरलं की डिस्ट्रिब्युटरची कॅप भिजायची, मग बाजूला घेऊन कॅप काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पुन्हा बसवायची, आणि मागे बसलेल्या पॅसेंजरला सांगायचं, ‘दोन मिनिटं साहेब’. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात इंजिनावरचा पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ धरायची, तेव्हा त्यावर ओलं फडकं. चोक सकाळी किती ओढायचा आणि कोणत्या सिग्नलला आत ढकलायचा, हे जानेवारीत वेगळं आणि जुलैमध्ये वेगळं.

हे कोणी शिकवत नव्हतं, आणि एका गाडीवर शिकलेलं दुसऱ्या गाडीवर जसंच्या तसं चालतही नव्हतं. कारखान्यातून दोन पद्मिनी सारख्या निघाल्या असतील, पण पाच वर्षांनी त्या सारख्या नसत. एकीचं इंजिन बोअर केलेलं, दुसरीचं नुसत्या रिंगांवर भागवलेलं. एकीच्या स्टिअरिंगला बोटभर प्ले, दुसरीचा दुसरा गिअर हलका वर उचलूनच पडणारा. टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची, तेव्हा रात्रपाळीवाला क्लचवर पाय ठेवून चालवतो ही दिवसपाळीवाल्याची कायमची तक्रार. ही तक्रार करता येण्याइतकी ओळख दोघांचीही त्या एकाच गाडीशी होती. बदली ड्रायव्हर आला की किल्ली देताना मालक आधी तिच्या खोडी सांगायचा, भाड्याचं नंतर. पुढे डिकीत सीएनजीची टाकी आली आणि पॅसेंजरच्या बॅगा छतावरच्या कॅरिअरवर गेल्या, तेव्हा वजन वर गेल्यामुळे वळणावर ती कशी झुकते हेही त्यांनी नव्याने शिकून घेतलं. दारावरची ती छोटी त्रिकोणी काच किती तिरकी केली की वारा नेमका मानेवर येतो, हे तर लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. एसी नव्हताच.

या सगळ्याला लोक प्रेम म्हणतात. मला त्या शब्दाचं थोडं वावडं आहे, कारण त्याची सुरुवात निवडीने झालेली नव्हती. परवान्यांच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, आणि नंबर लागला की फियाट किंवा अँबेसेडर यांतलं एक पदरात पडायचं. पन्नासच्या दशकातला आराखडा शतक संपेपर्यंत विकला गेला, तो तिच्या गुणांवर नव्हे, ग्राहकाच्या नाइलाजावर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ज्यांना परवडलं ते बघता बघता तिकडे गेले. त्यांना दोष कसा देणार? सकाळी एका सेल्फला चालू होणारी गाडी कोणाला नको होती? टॅक्सीवाल्यांनी फियाट ठेवली याचीही कारणं रोकडी होती : पार्ट स्वस्त, पत्रा जाड, आणि कोणतंही काम फूटपाथवर होणारं. पण नाइलाजाने का होईना, माणूस एकाच यंत्राबरोबर वीस-वीस वर्षं काढतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी येतं. ते आता आपण गाडीबरोबरच भंगारात घालतो आहोत.

नव्या गाडीत ते यायला वावच नाही. बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण, झाकणाखाली सेन्सर, आणि बिघाड झाला की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. तो दिवा चालवणाऱ्याशी बोलत नाही, तो स्कॅनरशी बोलतो. स्कॅनर सर्व्हिस सेंटरवाल्याकडे असतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला अख्खा सुटा भाग बदलतो. ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्या मुलाला मी विचारतो, गाडी कशी आहे? तो मायलेज सांगतो आणि हप्ता सांगतो. बऱ्याचदा गाडी त्याची नसते, फक्त हप्ता त्याचा असतो. कधी तोही नसतो, गाडी फ्लीटवाल्याची आणि हा पाळीवर. रस्ता फोन सांगतो, भाडं फोन ठरवतो, आणि तो माणूस चांगला की वाईट हे मागे बसलेला चांदण्या देऊन सांगतो. गाडीशी ओळख करून घ्यायची त्याला गरजही नाही आणि सवडही नाही. चार-पाच वर्षांनी ती विकून दुसरी येणार. या मुलाने जुन्या लोकांसारखं कॉइल आणि कन्डेन्सर शिकावं असं मी म्हणत नाही. त्याचं आयुष्य आधीच पुरेसं कठीण आहे.

विरुद्ध बाजूचं बोलायला हवं, कारण आपल्या टेबलावर आधी तेच येणार. जुन्या फियाटला धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. पीयूसीच्या नियमांत बीएस-२ या धुराच्या मानकापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ आणि बीएस-३ मोटारीला ०.५ टक्के. म्हणजे पास झालेली फियाटसुद्धा सहापट विष सोडू शकते, आणि कार्ब्युरेटर नीट लावलेला नसेल तर विचारायलाच नको. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, स्टिअरिंगचा रॉड सरळ छातीवर. अशा हजारो टॅक्सी मुंबईत पुन्हा सोडा असं म्हणणारा माणूस एक तर या शहरात श्वास घेत नाही किंवा खोटं बोलतो. उच्च न्यायालयाने कान धरल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली, महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या ठेवता येतील का हे बघायला. त्या समितीच्या हेतूला माझा विरोध नाही. फक्त एक गंमत नोंदवतो. ज्या फियाट टॅक्सी आपण मोडीत काढल्या, त्या शेवटच्या काळात बहुतेक सीएनजीवरच धावत होत्या. आणि त्यातली एखादी कोणी २०५३ पर्यंत जपलीच, तर विंटेजचा नियम म्हणतो की गाडी मूळ रूपात हवी, तिच्या इंजिनात, चासीत, बॉडीत मोठे बदल झालेले नकोत. सीएनजी बसवलेल्या गाडीचा अर्ज बघताना तिथे आपला निरीक्षक नक्की अडखळेल. कायद्याने जे बसवायला लावलं, त्यावरच पुढे कायदा बोट ठेवणार.

वय हा माप म्हणून सोपा आहे, कबूल. निरीक्षकाला गाडीखाली वाकावं लागत नाही. पण केंद्राच्या २०२१ च्या भंगार धोरणाचाच कणा वय नाही, चाचणी आहे : व्यावसायिक गाडी पंधरा वर्षांनंतर आणि खासगी वीस वर्षांनंतर फिटनेसमध्ये नापास झाली तर मोडीत. नुसत्या वयावर कारवाई करायला गेलं की काय होतं ते दिल्लीत दिसलं. जुलै २०२५ मध्ये तिथे मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल नाकारायला सुरुवात झाली आणि आठवडाभरातच ते लांबणीवर टाकावं लागलं. मुंबईतल्या टॅक्सीची मर्यादा तर केंद्राकडून आलेलीच नाही. २००८ मध्ये २५ वर्षं आणि २०१३ मध्ये २० वर्षं, दोन्ही वेळा ती इथेच ठरली. म्हणजे जे इथे ठरलं, त्याला अपवादही इथेच ठरवता येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५९ मध्ये गाडीचं आयुष्य ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे, आणि त्याच कलमात प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली अशा कामांच्या गाड्यांना सूट देण्याची वाटही ठेवली आहे. कायदा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न सुचला होता. त्याच्याखाली नियम करणाऱ्यांनी तो पन्नास वर्षांवर नेऊन ठेवला.

पन्नास हा आकडा जगाच्या मानानेही फार लांबचा आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, फिव्हा, तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते, मात्र ती मूळ स्थितीत राखलेली हवी आणि रोजच्या प्रवासाची नको. जर्मनीत तीस वर्षांनंतर तपासणी करून पाटीवर ‘एच’ अक्षर मिळतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ, आणि मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट. ही तपासणीची सूट मला स्वतःला पटत नाही. जुनी गाडी जास्त तपासायला हवी, कमी नव्हे. पण त्या देशांमध्ये ‘मोडीत’ आणि ‘विंटेज’ यांच्या मध्ये एक पायरी आहे. आपल्याकडे तिथे खड्डा आहे.

आणि सरकारला जुनं यंत्र चालतं ठेवणं जमत नाही असंही नाही. रेल्वेने १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आणलं आणि प्रवासी बसवून चालवलं. बेस्टने अणिक आगारात आपलं संग्रहालय सांभाळलं आहे. टॅक्सीमेन्स युनियनने निदान एक पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी सरकारकडे केली होती, तिला दाद मिळाली नाही. खरं सांगायचं तर त्या मागणीचं मला अर्धंच पटतं. एक गाडी चौथऱ्यावर चढवाल, भोवती साखळी लावाल, उद्घाटनाला रांगोळी काढाल. चौथऱ्यावरच्या गाडीतलं इंजिन वर्षभरात जाम होईल आणि ते कोणाला कळणारही नाही. दुसरी भीती याहून मोठी आहे. घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या. घोड्यांचे हाल थांबले, उत्तम झालं. पुढे २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या, घोडा नाही, नुसता थाट. उद्या कोणीतरी फियाटच्या आकाराचा फायबरचा डबा बॅटरीवर बसवून गेटवेसमोर सोडेल आणि त्याला वारसा म्हणेल. कृपा करून त्या फाइलवर सही करू नका.

मग मला नक्की काय हवंय?

एक मधला वर्ग. पहिल्या नोंदणीपासून तीस वर्षं झालेली, मूळ बनावटीत राखलेली गाडी, मग ती खासगी असो वा एकेकाळची टॅक्सी, या वर्गात नोंदवता यावी. कायद्याने घालायला लावलेला सीएनजी किट हा बदल म्हणून धरू नये. जी टॅक्सी वीस वर्षांनी परमिटवरून उतरते तिला तीसपर्यंत थांबायची, म्हणजे चालत्या स्थितीत थांबायची, परवानगी असावी. ठरावीक दिवशी, ठरावीक अंतरापर्यंत बाहेर काढायची मुभा, आणि वर्षभरात किती किलोमीटर चालली याला मर्यादा. तपासणी दरवर्षी, आणि कडक. ब्रेक, स्टिअरिंग, किंगपिन, पत्र्याची मजबुती, धूर. नापास झाली तर गाडी घरी. शुल्क घ्या, वाटल्यास आजच्यापेक्षा जास्त घ्या. पण स्वयंचलित तपासणी केंद्रावर आजच्या गाड्यांच्या मापाने तिला रोलरवर चढवून नापास करू नका. जिच्यात संगणकच नाही तिच्यात संगणकाचं सॉकेट शोधण्यात अर्थ नाही.

आणि काही टॅक्सी. पन्नास पुरेत. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मरीन ड्राइव्ह, गिरगाव एवढ्याच पट्ट्यात, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या वेळात. सगळ्या सीएनजीवर. भाडं महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाने ठरवावं आणि ते चढं असावं, कारण यात बसणारा माणूस स्टेशन गाठायला बसणार नाही. परमिट द्यायचं ते ज्यांनी बॅज लावून फियाट चालवली आहे त्यांना, आणि प्रत्येकाने आपल्या हाताखाली एक तरुण ड्रायव्हर तयार करावा अशी अट त्यात घालावी. कंपन्यांना किंवा हॉटेलांना ही परमिटं देऊ नयेत. दिलीत तर दोन वर्षांत चालक गणवेशात आणि फियाटमध्ये एसी दिसेल.

शेवटचं मिस्त्रींबद्दल. ही विद्या आजवर जशी पुढे गेली तशी जावी असं मला मुळीच वाटत नाही. शाळा सुटलेली बारा वर्षांची पोरं गाडीखाली झोपून ‘बारा-तेराचा पाना दे’ ऐकत शिकली. कोणाचं बोट गेलं, कोणाचे डोळे. ते थांबलं हे चांगलंच झालं. पण ते थांबवताना दुसरी वाट काढली नाही, त्यामुळे ज्याला कार्ब्युरेटर कानाने लावता येतो असा माणूस आज साठीच्या पुढचा असतो, आणि त्याच्या गॅरेजच्या जागी पुढच्या वर्षी टॉवर येणार असतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. त्यात जुन्या गाड्यांचा एक ऐच्छिक भाग घाला, शिकवायला या मिस्त्रींना मानधनावर बोलवा, त्यांच्याकडे पदवी आहे का हे विचारू नका. पार्टांची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सीएसटी रोडला, चोरबाजारात, ऑपेरा हाउसच्या दुकानांत अजून बरंच मिळतं, आणि जे मिळत नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवला की ओतून आणि लेथवर फिरवून मिळू शकतं. तिथल्या माणसांना फक्त एवढं कळायला हवं की मागणी पुढची दहा-वीस वर्षं राहणार आहे. ती हमी आपला नियमच देऊ शकतो.

या अर्जावर ‘बाब तपासून पाहू’ असा शेरा पडून तो फिरत राहील, हे माझ्या वयाच्या माणसाला कळतं. म्हणून एक सोपी विनंती जोडतो. नियम लिहिण्याआधी आपल्या खात्यातला एक निरीक्षक पाठवा, शक्यतो तरुण, ज्याने स्टिअरिंगखालचा गिअर कधी टाकलेला नाही असा. माझी गाडी, माझं पेट्रोल. त्याने ती हवी तशी तपासावी, धूर मोजावा, ब्रेक मारून बघावेत, आणि मग स्वतः चालवत सायनपासून कुलाब्यापर्यंत न्यावी. त्यानंतर तो जो अहवाल लिहील तो मला मान्य असेल. वेळ सकाळी आठच्या आधीची द्यावी. दुपारी ती तापते.

कळावे,
आपला,
पांढऱ्या पाटीचा एक फियाटवाला

प्रत माहितीसाठी : मुंबईतले टॅक्सीचालक, गॅरेजवाले आणि ताडपत्रीखाली गाडी झाकून ठेवलेले सर्व.